पारीची मजुरी

टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी आणि बाबा गोंदियातल्या एका अरुंद दुकानात बसलो होतो. तिथे झेरॉक्स निघत, रेल्वेची तिकिटं निघत आणि आतल्या टेबलावर टेंडर भरून मिळत. बाबांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत संस्थेचा शिक्का आणि रुमालात गुंडाळलेली डिजिटल सही. ती पेनड्राइव्हसारखी दिसते, पण बाबा तिला देवघरातल्या वस्तूसारखं धरत.

संस्था म्हणजे आमच्या गावची मजूर सहकारी संस्था. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. बाबा संस्थेचे अध्यक्ष. तोवर संस्थेने नाल्या केल्या होत्या, शाळेचं कुंपण केलं होतं, रस्त्याच्या कडेला मुरूम टाकला होता. मोठं काम हे पहिलंच, आणि ते आमच्याच तलावाचं. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. अंदाजपत्रक वाचता येतं असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर अर्धंच यायचं.

तलाव आमच्याच माणसांच्या आज्या-पणज्यांनी बांधलेला. आता तो सरकारचा आहे. दुरुस्ती सरकार करतं, टेंडर काढून. कामाची किंमत अंदाजपत्रकात ठरते आणि ठेकेदार त्याहून किती टक्के कमी घेईल ते भरतो. त्याला आमच्याकडे नुसतं बिलो म्हणतात. ज्याचं बिलो सगळ्यात जास्त, त्याला काम. एवढ्या कमी पैशात काम कसं बसवायचं ते तो नंतर बघतो. शेजारच्या गावच्या तलावाचं काम गोंदियाच्या एका ठेकेदाराने असंच खूप बिलो घेतलं होतं. जेसीबीने माती ओतली, तिच्यावर पाणी मारलं नाही, रोलर नावाला फिरवला. वर्षाच्या आत पार बसली. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. ती झिरपायला लागली तेव्हा पारीखालच्या बांध्यांमधले, म्हणजे भातखाचरांमधले, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उभ्या उभ्या पिवळे पडले, कारण पाणी सोडायलाच उरलं नाही.

आमच्या तलावाचं टेंडर निघालं आणि त्याच ठेकेदाराची पांढरी गाडी आमच्या पारीवर दिसायला लागली. म्हणून हे काम आपणच घ्यायचं असं गावाने ठरवलं. बाबांनी सभेत शब्द दिला होता. ते फारसं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचा शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतो.

दुकानात बसलो असताना बाबांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला, कारण त्यांना फोन कानाला लावून ऐकायला त्रास होतो.

"काकाजी, फॉर्म मत डालो," ठेकेदार म्हणाला. आवाज गोड होता. "डालना ही है तो सपोर्ट में डालो. थोड़ा सा बिलो. आपका खर्चा मैं देख लूँगा."

सपोर्ट म्हणजे दाखवण्यापुरतं टेंडर. काम कुणी घ्यायचं ते आधी ठरलेलं असतं. बाकीचे त्याच्याहून महाग भरतात, म्हणजे कागदावर स्पर्धा झाल्यासारखी दिसते.

"पाहतो, भाऊ," बाबा म्हणाले आणि फोनच बंद करून टाकला. दुकानदार गालात हसला.

मग बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. डिझेल, भाड्याचा रोलर, मुरूम, पारीच्या आतल्या बाजूला लावायचे दगड, पाणी सोडायच्या दाराचं लोखंड, गाळ वाहून न्यायला ट्रॅक्टर. प्रत्येक ओळीपुढे आकडा. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं.

"बाबा, मजुरी?"

"कोणती मजुरी?"

"माती दाबायची, दगड लावायची."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आपल्याच घरी जेवायचे किती पैसे होतात असं विचारलं होतं. "आपल्या पारीची मजुरी कोण घेते, माय?"

आणि मला ते पटलं. इथे थोडं सांगायला हवं. आमच्या पारीवर ठरावीक अंतरावर गोटे, म्हणजे हद्दीचे दगड, पुरलेले आहेत. तलावाखाली ज्याची जितकी बांधी, तितका पारीचा वाटा त्याच्याकडे. पावसाळ्याआधी प्रत्येक घर आपापल्या वाट्यावर माती टाकतं, उंदरांची बिळं बुजवतं, धुम्मस मारून माती दाबतं. कुणी कुणाला पैसे देत नाही. मी लहानपणापासून आमच्या वाट्यावर घमेली वाहिली आहेत. त्यामुळे बाबांच्या कागदावर मजुरी नव्हती हे मला चुकल्यासारखं वाटलं नाही. वाटलं, हेच तर आपलं बळ आहे. ठेकेदाराला मजुरी द्यावी लागते, आपल्याला नाही.

"दीदी, जल्दी करो," दुकानदार म्हणाला. "अभी सर्व्हर लटकेगा."

मी बेरजेवरून टक्के काढले. तीसच्या पलीकडे गेले. बोट अडखळलं. बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, जणू तिथे काही दिसेल. मी बटण दाबलं.

टेंडर उघडलं तेव्हा आम्ही सगळ्यांत खाली होतो, आणि पुढच्या माणसात आणि आमच्यात मोठी खाई होती. ठेकेदार दुसरा. गावात त्या संध्याकाळी पानटपरीवर माझं फार कौतुक झालं. "पोरीनं गोंदियावाल्याले झोपवलं," असं कुणी म्हणालं ते घरी आईने मला सांगितलं, आणि मी संकोचाने आत गेले.

मग टेंडर काढणाऱ्या सरकारी कार्यालयातून पत्र आलं. इतकं कमी भरलं म्हणून जादा अनामत भरा, आणि एवढ्यात काम कसं परवडतं त्याचं दर पृथक्करण द्या. म्हणजे प्रत्येक कामाचा हिशोब फोडून दाखवायचा, सामान किती, यंत्र किती, मजुरी किती. मुदतीत दिलं नाही तर अनामत जप्त आणि संस्था काळ्या यादीत. जादा अनामतीसाठी संस्थेची ठेव मोडली. संस्थेकडे तेवढंच होतं.

हिशोब मी केला. मजुरीच्या रकान्यात शून्य लिहिलं. मला वाटलं, खरं आहे ते लिहावं.

कार्यालयातले साहेब पन्नाशीचे असावेत. टेबल स्वच्छ, चेहरा थकलेला. आमचा कागद त्यांनी शांतपणे वाचला आणि मजुरीच्या रकान्यावर पेन ठेवलं.

"हे राहिलं का?"

"नाही, सर. आमच्याकडे पारीची मजुरी घेत नाहीत."

"कोण घेत नाही?"

"गावातले लोक."

"मग काम कोण करणार?"

"गावातले लोक," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला काहीतरी घसरतंय असं वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "श्रमदानच करायचं होतं तर टेंडर कशाला भरलं? श्रमदानाला टेंडर लागत नाही. टेंडरच्या कामावर जो उभा राहील त्याचं नाव हजेरीपटावर पाहिजे आणि किमान मजुरी त्याच्या बँकेत पाहिजे. उद्या पारीवर कुणाच्या पायावर दगड पडला तर तो कोण? मजूर की पाहुणा?"

बाबा म्हणाले, "साहेब, आमी आजवर असंच करून राहिलो."

"तुम्ही केलं असेल. मला कागदावर तसं चालत नाही."

"मजुरी घातली तर बेरीज आमच्या भावाच्या वर जाते, सर," मी म्हणाले.

"मग भाव चुकला."

"तो बदलता येतो का?"

"उघडलेलं टेंडर बदलत नाही." मग थोडं थांबून ते म्हणाले, "सोमवारी या. बसणारा हिशोब आणा. नाही बसला तर मला दुसऱ्या नंबरला बोलवावं लागेल, आणि तुमच्या संस्थेवर जे लिहावं लागतं ते लिहावं लागेल. मला त्यात आनंद नाही."

बाहेर व्हरांड्यात दुसरा नंबर बसलाच होता. त्याने आमच्यासाठी चहा सांगितला. बाबांनी तो घेतला. मला राग आला, पण मीही घेतला.

"बेटा, पढ़ी-लिखी हो," तो म्हणाला. "ये तो रोज का है. मजदूरी का रेट आधा लिखो, मुरूम का भाव आधा लिखो, टोटल बैठ जाता है. सब यही पर्चा लगाते हैं. साहब भी जानते हैं."

मी आमचा कागद घडी करून पिशवीत घातला.

"और मन नहीं मानता तो काम संस्था के नाम पे रहने दो. मशीन मेरी, आदमी मेरे. संस्था को बैठे-बैठे टक्का मिलेगा. डिपॉज़िट भी बच जाएगा."

"एवढ्या कमी पैशात तुमाले कसं पुरन?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ठेकेदार हसला, पण नेहमीसारखा नाही. "पुरता किसको है, काकाजी? मशीन की किस्त चालू है. खड़ी रखूँ तो भी जाती है. काम चलता रहे, बस." त्याने कप खाली ठेवला. "सोमवार तक सोच लो."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. गोंदिया मागे पडलं, कापलेल्या धानाची रिकामी शेतं सुरू झाली. बऱ्याच वेळाने त्यांनी मान न वळवता विचारलं, "त्याचा तो पर्चा कसा असते?"

मी सांगितलं. कुठले आकडे कमी करायचे, कुठे शंका येत नाही. बाबा ऐकत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तो कागद मला एका बैठकीत करता येईल. कॉलेजात शिकवलेलंच सगळं, फक्त उलट्या बाजूने. मला भीती वाटली ती साहेबांची नाही, याचीच.

"तुले करता येते?" बाबांनी विचारलं.

"येते."

ते पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर संस्थेची सभा भरली. बाबांनी साहेबांचं म्हणणं सांगितलं आणि ठेकेदाराचंही सांगितलं. काही लपवलं नाही. लोक एकदम बोलायला लागले. एक जण म्हणाला, टक्का घ्या अन् मोकळे व्हा. दुसरा म्हणाला, मग शेजारच्या गावासारखी पार करून घे. तिसऱ्याने विचारलं, साहेबाले गावात आणून वाट्याचे गोटे दाखवले तर?

पायऱ्यांच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यात बौद्ध वस्तीतल्या एक मावशी होत्या. दगड लावायच्या कामात त्यांचा हात बसलेला, आणि बोलणंही तसंच. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना, वहिनी."

"हे मजूर संस्था आहे ना?"

"आहे."

"मंग मजुरीच काऊन नाही?"

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत, म्हणून हसणं लवकर विरलं.

बाबा म्हणाले, "वहिनी, आपल्या पारीची मजुरी आजवर कोणी…"

"तुमच्या पारीची, भाऊ. तुमची बांधी आहे खाली, तुमचा गोटा आहे वर. आमच्या वस्तीचा एक तरी गोटा दाखवा पारीवर. आमची बांधी नाही तं आमचा वाटा नाही. हे मी भांडून नाही सांगून राहिली, आहे तसं सांगून राहिली. संस्थेत आमचं नाव कायले आहे? काम मिळावं म्हणून. अन् पहिलं मोठं काम आलं तं तुमी म्हणता फुकट करू. तुमाले पाणी भेटन. आमाले का भेटन?"

मी त्या गोट्यांवरून लहानपणी उड्या मारत गेले होते. कुठला गोटा कुणाचा ते मला पाठ होतं. कुणाचा नाही हे कधी मोजलं नव्हतं. आणि शून्य मीच टाइप केलं होतं. त्या शून्यात आमच्या वाट्याची मेहनत आहे असं मला वाटलं होतं. मावशींचा रोजही त्यातच गेला होता.

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वहिनी बराबर बोलून राहिल्या," ते म्हणाले. "पण आता भाव तं भरून झाला. मजुरी आणावी कोठून?"

तेवढ्यात मागून एका शेतकऱ्याने टोला मारला. "मजुरी शून्य, पण ट्रॅक्टरचं भाडं पुरं लावलं आहे म्हणते. अन् ट्रॅक्टर कोणाचे आहेत ते सगळ्यायले मालूम आहे."

गावात तीन ट्रॅक्टर. एक माझ्या काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा. काका उसळून उभे राहिले.

"डिझेल का तुह्या घरून येते बे?"

"मी तं फक्त विचारलं."

"तू विचारत नाही, तू बोट दाखवते. गाळ जाते कुठी? तुह्याच वावरात जाते ना?"

"तं मंग त्याचे पैसे सरकारापासून कायले?"

"कायले म्हणजे? दरवर्षी उन्हाळ्यात गाळ नेतो मी. कोणाले भाडं मागतलं आजवर? लोकं आपलं डिझेल टाकते अन् नेते. मी एक रुपया नाही घेतला कोणाचा, अन् तू मले…"

काका बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं असावं.

मी सभेत कधी बोलले नव्हते. तरी म्हणाले, "काका, मग यंदा का लावायचं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पुढचं वाक्य दोनदा सुरू केलं. मग कसंबसं सांगितलं. गाळ वाहून न्यायचे पैसे आपण भावात धरले आहेत. शेतकऱ्यांनी तो आपल्या खर्चाने आपल्या वावरात नेला, जसा दरवर्षी नेतात, तर ते पैसे मोकळे होतात. तेवढी मजुरी घालता येते. भाव तोच राहतो, हिशोब खोटा होत नाही.

"बेरीज बसते का?" बाबांनी विचारलं.

"बसते. पण संस्थेला काही उरत नाही."

"अन् आमाले?" काकांनी विचारलं. "मजुरायले मजुरी, गावाले पार, अन् ट्रॅक्टरवाल्याले?"

"गाळ," मावशी म्हणाल्या.

काका ओट्यावरून उतरले आणि कुणाशी न बोलता घराकडे निघून गेले. सभा तशीच उठली. त्यांच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. गाळ स्वखर्चाने नेतो असं ज्यांची वावरं आहेत आणि ज्यांचे ट्रॅक्टर आहेत त्या सगळ्यांनी लिहून द्यायला हवं होतं. काकांनी नाही म्हटलं तर बाकीचे दोघंही देणार नव्हते.

रविवारी सकाळी बाबांनी मला एकटीलाच काकांकडे पाठवलं. "मी गेलो तं भावाचं भांडण होईन," म्हणाले. काका अंगणात ट्रॅक्टर धूत होते. मी आले ते त्यांनी पाहिलं आणि चाकावर पाणी मारत राहिले.

"तुह्या कॉलेजची फी भराले मी गेलो होतो तुह्या बापासंग," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी. आठवते?"

"आठवते, काका."

"म्हटलं पोरगी शिकन. हे शिकली. काकाचं भाडं शून्य कराले."

मी कागद पुढे धरून उभी राहिले. कागद ओला होऊ नये म्हणून हात वर धरला होता.

"ठेकेदारानं केली पार तं का होईन?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांची बांधी पाणी सोडायच्या दाराला लागूनच आहे.

"शेजारच्या गावासारखी होईल."

त्यांनी पाइप खाली टाकला, हात पंच्याला पुसले आणि सही केली. मग म्हणाले, "एक सांगतो. माह्या वाट्यावर मी मजुरी घेऊन काम करणार नाही. बँकेत टाकली तं परत पाठवीन."

"काका, पारीवर काम केलं तर घ्यावीच लागेल. तसा नियम आहे."

"मंग हजेरीत माहं नाव लिहू नको."

"मग तुम्हाला पारीवर हात लावता येणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. आपल्या वाट्याला हात लावायचा नाही, हे त्यांना ट्रॅक्टरच्या भाड्यापेक्षा जड गेलं असावं. पण सही त्यांनी खोडली नाही.

सोमवारी साहेबांनी नवा हिशोब वाचला. मजुरीचा रकाना भरलेला होता. त्यांचं पेन खाली सरकत गेलं आणि गाळाच्या ओळीवर थांबलं.

"पुन्हा शून्य?"

"सर, गाळ शेतकरी स्वखर्चाने नेणार आहेत. सह्या मागे जोडल्या आहेत."

"आणि नफा? तोही शून्य?"

"हो, सर."

"मग संस्था हे काम कशासाठी घेतेय?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "साहेब, पाणी आमालेच लागते."

साहेबांनी मागच्या सह्या एकेक पाहिल्या. दोन अंगठे होते, तिथे जरा जास्त थांबले. व्हरांड्यात ठेकेदाराचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. पंखा फिरत होता आणि कागदाचा कोपरा उडत होता. साहेबांनी त्यावर पेपरवेट ठेवलं. "मी वर शिफारस करतो," ते म्हणाले. "पण माती नीट दाबली का त्याची चाचणी घ्यायला मी स्वतः येईन. ज्या कामाला कमी भाव भरला, त्याची माती मी तपासल्याशिवाय सोडत नाही. नापास झाली तर उकरून पुन्हा करावी लागेल, तुमच्या खर्चाने. तुमच्याकडे तर खर्चाला काहीच नाही."

"समजलं, सर," मी म्हणाले.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. मला परीक्षेनंतरची सुट्टी होती, म्हणून हजेरीपट मी लिहीत होते. पहिल्या दिवशी लोक पारीवर आले, पण नाव सांगायला कुणी पुढे येईना. ज्यांचे वाटे होते ते आपापल्या गोट्याजवळ जाऊन उभे राहिले होते, सवयीने. शेवटी बाबा आले आणि म्हणाले, "लिही. पहिलं माहं." मी त्यांचं नाव लिहिलं. दुसरं मावशींचं. मग हळूहळू रांग झाली.

काका पारीवर चढले नाहीत. ते खाली तलावाच्या कोरड्या पोटात गाळ भरत आणि ट्रॅक्टर वावरात नेत. येता-जाता आपल्या वाट्याखाली गाडी हळू करत. एकदा तिथे मावशी दगड लावत होत्या. काकांनी ट्रॅक्टर थांबवला.

"तो गोटा तिरपा झाला," ते खालून म्हणाले.

मावशींनी वळून पाहिलं. "मजुरी घेत नाही तं मुकादमी करू नका, भाऊ."

आजूबाजूच्या बायका हसल्या. काकाही हसले, मान हलवत. पण ट्रॅक्टर पुढे नेण्याआधी ते थांबून राहिले, आणि मावशींनी तो दगड काढून पुन्हा नीट बसवला.

साहेब सांगितल्याप्रमाणे आले. पारीवर चालत गेले आणि मध्येच एका जागी थांबून म्हणाले, इथे. ती जागा आमच्या वाट्यात होती. त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. सोबतच्या माणसाने लोखंडी नळा ठोकून मातीचा गोळा काढला, तिथेच वजन केलं, थोडी माती तव्यावर भाजून वाळवली आणि पुन्हा वजन केलं. सगळं काम थांबलं होतं. बाबा हात मागे बांधून उभे होते. खाली काकांनी इंजिन बंद केलं होतं. मला आकडेमोड येत होती, पण मी करत नव्हते. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

साहेबांनी वहीत लिहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढे चालू द्या." एवढंच. मग ते गाडीत बसून गेले.

लोक पुन्हा कामाला लागले. नळा काढला तिथे पारीत गोल, गुळगुळीत भोक राहिलं होतं. जेवणाची सुट्टी झाली, सगळे झाडाखाली गेले. बाबा गेले नाहीत. ते त्या भोकाजवळ उकिडवे बसले. मूठमूठ माती घेऊन पाण्याचा हात लावत भरली, काठीने ठासली, पुन्हा भरली. शेवटी उभं राहून टाचेने दाबली, आणि वरून तळवा फिरवून बघितला.

हजेरीपट माझ्या मांडीवर उघडा होता. सुट्टीतलं काम कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळलं नाही. मी लिहिलं नाही. बाबांनीही विचारलं नाही.